क्रोशाचा रुमाल वर जाता जाता निमुळता होतोय – हाच सरळ करू की पुढचं काही शिकू?

विजापूर_रोड_मेधा
नमस्कार मंडळी. उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकीला गुंतवायला म्हणून नव्या पेठेतून क्रोशाची सुई आणि लोकरीचे दोन गुंडे आणले. लेक दुसऱ्याच दिवशी सायकल काढून मोकळी झाली, सुई मात्र माझ्या हाताला चिकटली ती चिकटलीच. साखळी जमली, मुका खांब (आखूड टाका) जमला, खांबही (त्याहून उंच टाका) बऱ्यापैकी येतो. पण रुमाल खाली वीतभर रुंद आणि वर चार बोटं! जोर लावून ओढलं तरी चौकोन काही होत नाही.

मधल्या काळात मॅक्रमेचं (दोरीच्या गाठींचं) एक शिंकं, मॅटीच्या कापडावर कर्नाटकी कशिद्याचा नमुना आणि जुन्या साड्यांच्या गोधडीचा एक कोपरा, इतकं सुरू करून झालंय. सगळं अर्धवट, सगळं चादरीच्या चेनवाल्या पिशवीत. सासूबाई म्हणतात, "एक तडीला ने, मग दुसऱ्याला हात लाव." माझं मत वेगळं आहे. नोकरी, घर सांभाळून जो तासभर मिळतो, त्यात मला चार गोष्टी चाखून बघायच्या आहेत. कुठली माझी, हे आधीच कसं कळणार? तुमचा अनुभव काय? आणि कृपा करून त्या रुमालाचं काहीतरी सांगा.

साखळीचा_हिशेब
रुमालाचं आधी. तुम्ही ओळीच्या शेवटचा खांब घालत नाही आहात, पैज लावते. ओळ पालटताना आपण तीन साखळ्या घालतो. त्या तीन साखळ्या म्हणजेच नव्या ओळीचा पहिला खांब. पुढच्या ओळीत परत येताना शेवटचा खांब या तीन साखळ्यांच्या डोक्यात घालायचा असतो. तो दिसायला खांबासारखा नसतो, म्हणून नवशिक्या त्याला सोडून पालटतात. दर ओळीला एक खांब गळाला की रुमालाचा डोंगर होणारच.

उपाय: त्या तिसऱ्या साखळीत वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवा. परत येताना तो दोरा दिसला की तिथे खांब. आणि दर ओळ संपली की मोजा. कंटाळा आला तरी मोजा. मुक्या खांबाचं गणित निराळं, तिथे पालटताना एकच साखळी आणि ती बहुतेक नमुन्यांत मोजायची नाही.

शेंगाचटणी
रुमाल राहू दे, चादरीच्या पिशवीबद्दल बोला. सोलापुरात असं एक तरी घर आहे का जिथे त्या पिशवीत चादर आहे? आमच्याकडे एकीत लाइट बिलं, एकीत दिवाळीच्या पणत्या, एकीत आजोबांचे एक्स-रे.

कडक_भाकरी
@शेंगाचटणी आमच्याकडे एकीत दुसऱ्या पिशव्या आहेत.

सूतवाली_सुनंदा
मेधा, मे महिन्यात सोलापुरात लोकर? पारा चाळिशीच्या वर, हाताला घाम, लोकर सुईला चिकटणार, टाका घट्ट होणार, मग सुई आत शिरेना आणि तू स्वतःला दोष देणार. शिकायला सुती दोरा घे. मध्यम जाडीचा, फिक्या रंगाचा. काळा किंवा गडद निळा अजिबात नको, त्यात टाके दिसत नाहीत.

दुकानदार ज्याला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. खात्री करायची तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून बघ (पाण्याचं भांडं जवळ ठेवून). सूत कागदासारखं जळतं, वासही कागदाचा आणि मागे राख उरते. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो. खरी लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो. हे माहीत असलेलं बरं, कारण ॲक्रिलिकच्या कामावर कुणी गरम इस्त्री फिरवली की संपलं.

माग_आणि_मी
तुमच्या सासूबाईंच्या बाजूने एक मत नोंदवतो.

माझं घर पूर्व भागातलं. वडील आधी हातमागावर, मग यंत्रमागावर. आमच्या गल्लीत झोप लागायची ती मागाच्या खटखटीत, लाइट गेली आणि खटखट थांबली की जाग यायची. आम्हा पोरांना कुणी "विणायला" शिकवलं नाही. आधी फक्त कांड्या भरायच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं. शाळेतून आलं की कांड्या. कांडी सैल भरली तर धोट्यात (आडवा धागा घेऊन ये-जा करतो तो) सूत गुंतणार, घट्ट भरली तर तुटणार, आणि वडील न बघता नुसत्या अंगठ्याने दाबून सांगायचे, ही परत भर. कांडी नीट यायला लागल्यावर मग तुटलेली तार जोडायला बसवलं.

अम्मा सांधायला बसायची. मागावरचा जुना ताणा (उभ्या तारा) संपत आला की त्याच्या प्रत्येक तारेला नव्या ताण्याची एकेक तार जोडायची, म्हणजे फणीतून सगळं पुन्हा ओवावं लागत नाही. अशा हजारो तारा. ती बोटांना राख लावायची, दोन्ही टोकं एकत्र धरून अंगठ्याखाली एक पीळ, मग तोच पीळ मागे दुमडून दुसरा. गाठ नाहीच. गाठ मारली तर ती फणीत अडते. हात चालू, तोंडाने शेजारणीशी तेलुगूत गप्पा, आणि नजर बहुतेक वेळा दारातून रस्त्यावर. मी तसं करायला गेलो की तार हातात सुटून यायची.

हे चाखत बसून येत नाही. एकाच कामावर बसावं लागतं.

पेठेतली_प्राजक्ता
@माग_आणि_मी सुंदर लिहिलंय, पण दादा, तुलना पटली नाही. तुमच्या अम्मा छंद म्हणून सांधत नव्हत्या, त्यावर घर चालत होतं. त्यांना "आज कंटाळा आला, आज मॅक्रमे करते" म्हणायची सोय नव्हती. ज्याला ती सोय आहे त्याने ती का वापरू नये? मेधाताईंचा रुमाल वाकडा झाला तर कुणाची मजुरी कापली जाणार आहे?

माग_आणि_मी
मुद्दा मान्य आहे. ते आवडीने करत होते असं मी म्हणणारच नाही. वडिलांनी आम्हा भावंडांना मागापासून लांबच ठेवायचं ठरवलं होतं, मी आज बँकेत आहे. पण हाताला कळायला जे लागतं ते पोटासाठी असो की हौसेसाठी, सारखंच लागतं. बोटाला माहीत नसतं की हा छंद आहे.

पेठेतली_प्राजक्ता
बोटाला माहीत नसतं, माणसाला असतं ना. कंटाळून सगळंच सोडून देण्यापेक्षा चार ठिकाणी थोडं थोडं केलेलं काय वाईट?

कडक_भाकरी
दोघं भांडा, मी चहा आणतो.

डावखुरा_दत्ता
माझी अडचण कुणीच मांडली नाही म्हणून मांडतो. मी डावखुरा. आईकडून दोन सुयांवरचं विणकाम शिकायला बसलो, शेजारी बसून. सगळं उलटं. ती म्हणायची "असं घे", आणि ते "असं" माझ्या हातात यायचंच नाही. मावशीने युक्ती सांगितली: शेजारी नको, समोर बस. समोर बसलं की तिचा उजवा हात माझ्या डाव्या हातासमोर, आरशात बघितल्यासारखं. व्हिडिओ बघत असाल तर फोनमध्ये तो आडवा पालटून घ्या, बहुतेक एडिटिंग ॲपमध्ये सोय असते. माझा पहिला मफलर गड्ड्याच्या यात्रेत (आमची सिद्धेश्वर यात्रा) घालून मिरवला. सोलापूरच्या जानेवारीत दुपारी मफलर घालून फिरणारा एकटाच होतो, पण फिरलो.

अक्कलकोटची_सरू
मेधाताई, कर्नाटकी कशिदा अर्धवट का टाकलात? आमच्या अव्वाच्या इरकलीच्या पदरावर होता, म्हणून मी शिकायला घेतला. मी सांगते तुमचं कुठे अडलं असेल: मागची बाजू.

यात गाठ मारायची नसते आणि कापडावर नक्षी छापूनही घेत नाहीत, धागे मोजत जायचं. चार टाके आहेत. गवंती म्हणजे धावदोऱ्यासारखं एकदा जायचं आणि परत येताना मोकळ्या जागा भरायच्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखीच रेघ. मुरगी हा त्याचाच नागमोडी, पायऱ्यांसारखा. नेयगी म्हणजे विणल्यासारखा दिसणारा धावदोरा. मेंथी म्हणजे फुली. गवंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात.

नवशिक्याची फजिती गवंतीत होते. जाताना आनंदाने जातो, फांद्या फुटतात, कमळ होतं, हत्ती होतो, आणि परत यायची वाट सापडत नाही. सुई एका फांदीच्या टोकाला अडकून बसते. म्हणून आधी चौकटीच्या वहीवर पेन्सिल न उचलता काढून बघा. फांदी आली की आधी फांदीत जाऊन परत खोडावर यायचं, मग पुढे. वहीवर जमलं तर कापडावर जमतं. आमच्या अव्वा वही वापरायच्या नाहीत, पण त्यांना कधी कुणी ऑफिसातून फोनही करायचं नाही.

शेंगाचटणी
हत्तीच्या पायात अडकलेली सुई 😄 हे फारच ओळखीचं आहे.

गाठीवाला_गणेश
मॅक्रमेवर मी बोलतो. हो, पुरुष आहे, हो, लग्न झालंय, हो, बायकोला माहीत आहे. हे तीन प्रश्न नेहमी येतात म्हणून आधीच उत्तरं.

मेधाताई, तुमच्या शिंक्याची पट्टी पिळत गेली असेल, बरोबर? चौकोनी गाठ दोन अर्ध्यांची असते. पहिल्या वेळी डावी दोरी वरून, दुसऱ्या वेळी उजवी. दर वेळी एकाच बाजूने सुरुवात केली की पट्टी स्वतःभोवती गोल फिरत जाते. ती फिरकीसुद्धा एक रीतसर नमुना आहे, त्यामुळे कुणी विचारलं तर मुद्दाम केलंय म्हणा. मी तसंच सांगितलं होतं आणि त्यावर शेजाऱ्यांनी दोन शिंकी मागितली.

दुसरं, दोरी कमी पडते. तयार वस्तूच्या साधारण चौपट दोरी कापा, गाठी दाट असतील तर आणखी जास्त. मी पहिल्यांदा दुप्पट कापली आणि कुंडीऐवजी लिंबू बसेल एवढं शिंकं झालं.

सूतवाली_सुनंदा
@गाठीवाला_गणेश लिंबू-मिरची बांधायला उपयोगी पडलं असेल की.

गाठीवाला_गणेश
दुकानाच्या दाराला तेच लावलंय, खरं सांगतो.

गोधडीआजी
मी बासष्ट वर्षांची, नातवाने हे ॲप घालून दिलंय. लिहिण्यात चुकलं तर समजून घ्या.

गोधडीत सगळे मधल्या थराला चुकतात. सोलापूरचं माणूस मध्ये जुनी चादर घालायला जातं. घरात असतेच ना. पण चादर जाड, दुपदरी विणीची, सुई शिरत नाही. बोट सोलून निघतं. मध्ये जुनी नऊवारी किंवा धोतर घाला, धुऊन धुऊन मऊ झालेलं. आणि वरचं कापड नवं घेणार असाल तर शिवायच्या आधी एकदा धुऊन वाळवा. नवं कापड आटतं, जुनं आटून झालेलं असतं. न धुता शिवलं तर पहिल्या धुण्यात सगळीकडे चुण्या.

आधी लांब लांब कच्चा दोरा घालून थर बांधून घ्या. मग कडेपासून धावदोरा घालत आत आत या. कोपरा करून सोडलाय म्हणता, म्हणजे मधूनच सुरुवात केली की काय? मधून केली तर कापड कडेला सरकतं आणि एक कोपरा लांब येतो.

सासूबाईंचं म्हणणं चूक नाही. पण आमच्या वेळी रुखवतासाठी सगळंच थोडं थोडं यावं लागायचं. क्रोशाचा टेबलक्लॉथ, मण्यांचं तोरण, भरतकामाच्या उशा. तेव्हा चार कामं एकदम शिकलो त्याला कुणी अर्धवट म्हणत नव्हतं. मांडवात मांडायचं होतं ना.

पेठेतली_प्राजक्ता
आजी, 🙏. @माग_आणि_मी आजी माझ्या बाजूने आहेत, नोंद घ्यावी.

माग_आणि_मी
आजींनी रुखवताची तारीख ठरलेली होती हेही सांगितलंय. मेधाताईंच्या पिशवीला तारीख नाही.

विजापूर_रोड_मेधा
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! क्रमाने सांगते.

@साखळीचा_हिशेब तुम्ही पैज जिंकलात. लाल दोरा अडकवून नवा रुमाल सुरू केला, कडा सरळ येतेय. ऑफिसात मैत्रिणीला दाखवला तर तिने "काय सरळ आहे ग!" म्हणून कौतुक केलं. सरळ असण्याबद्दल कुणी कौतुक करेल असं वाटलं नव्हतं.
@गोधडीआजी हो, मधे जुनी चादरच घातली होती. उसवून ठेवली.
@गणेश पट्टी पिळलेलीच आहे. आता मुद्दाम केलंय.
@सरू मी वहीवर मोर काढतेय. परत येता येईना, दोनदा पिसाऱ्यातच राहिले.

पण रुमालाचे कोपरे वर वळताहेत, इस्त्री करू का? सुती दोरा घेतलाय.

साखळीचा_हिशेब
सुती असेल तर ओलं करा, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा, मग जाड चादरीवर किंवा गादीवर पसरून चारी कोपरे आणि कडा टाचण्यांनी ताणून बसवा. पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. सोलापूरच्या उन्हात वेळ लागत नाही, पण सावलीत ठेवा, रंग उडेल. वर इस्त्री चालते. तरीही कोपरे वळतच राहिले तर टाके घट्ट आहेत, अर्ध्या नंबरने मोठी सुई घ्या. निदान पहिली साखळी तरी मोठ्या सुईने घाला, बहुतेकांची साखळीच आवळलेली असते.

हस्तकला_क्लास_जुळे
नमस्कार, आमच्याकडे सर्व प्रकारचे क्लास, पहिल्या दहा जणांना सूट, इनबॉक्समध्ये या.

कडक_भाकरी
आलात? बसा. आधी सांगा, मेधाताईंचा रुमाल निमुळता का होत होता?

शेंगाचटणी
उत्तर येईपर्यंत धाग्यावर शांतता.

सूत_नंबर_वीस
सुताचा विषय निघालाच आहे तर थोडं. मी टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. सुताच्या कोनावर (शंकूसारख्या रिळावर) नंबर असतो: 10, 20, 40. नवीन लोक मोठा नंबर म्हणजे जाड सूत समजून उचलतात. उलट आहे. 840 यार्डांची एक लड धरायची, अशा किती लडी मिळून एक पौंड भरतात तो नंबर. म्हणजे जितका नंबर मोठा तितकं सूत बारीक. क्रोशाला कोनावरचं एकेरी सूत बारीक पडतं, दोनचार तारा एकत्र घेऊन वापरा.

आणि छोट्या लाकडी चौकटीवर विणायला शिकणाऱ्यांना: कडा आत आत ओढली जाते ना? आडवा धागा सरळ ताणून टाकू नका. कमानीसारखा तिरका सैल टाका आणि मग फणीने खाली बसवा. आडव्या धाग्याला उभ्यांच्या वरखाली जायला जास्त लांबी लागते, ती या कमानीतून मिळते. मोठ्या मागावर काठ ताणून धरायला पट्टी असते, चौकटीवर तुमचा हातच ती पट्टी.

पेठेतली_प्राजक्ता
आणि चादरीवरची नक्षी? तो जेकार्ड मला कधी कळलाच नाही.

सूत_नंबर_वीस
पुठ्ठ्याची पत्ती असते, भोकं पाडलेली. भोक आहे तिथे सुई आत जाते, त्या सुईचा हूक वर उचलला जातो आणि त्याच्या उभ्या तारा वर येतात. भोक नाही तिथे तार खालीच. एक पत्ती म्हणजे नक्षीची एक आडवी ओळ. पत्त्या एकमेकींना शिवून माळ केलेली असते, ती फिरत राहते. 1804 सालचं फ्रेंच डोकं आहे, जॅकार्ड हे त्या माणसाचंच नाव. आता बऱ्याच ठिकाणी पत्त्यांऐवजी संगणक आलाय. पण चौकटीच्या कागदावर नक्षी भरून मग पत्ती पाडणारे कारागीर मी बघितलेत. सरूताईंच्या वहीतला मोर आणि हे, कामाची जात एकच.

अक्कलकोटची_सरू
अहो, पण तुमच्या मोराला परत यावं लागत नाही!

नणंद_नंबर_एक
एक वेगळी तक्रार. काहीतरी करता यायला लागलं की नातेवाईक "मलाही एक दे" सुरू करतात. माझ्या मण्यांच्या तोरणाला एका बाईंनी दीडशे रुपये देऊ केले. मणीच तेवढ्याचे होते. नाही म्हटलं तर "घरीच तर बसतेस."

गाठीवाला_गणेश
त्यांना दोरी आणि मणी द्या, शेजारी बसवा, म्हणा "या, शिकवते, फुकट." परत कुणी मागत नाही.

डावखुरा_दत्ता
हे मी बहिणीवर करून बघितलं. ती शिकली. आता ती माझ्यापेक्षा चांगलं करते आणि मला चुका दाखवते.

माग_आणि_मी
मूळ प्रश्नाकडे येतो, कारण दोन दिवस डोक्यात आहे. वर सगळ्यांनी सांगितलेले दोष परत वाचले. साखळी आवळलेली, चौकटीची कडा ओढलेली, कांडी घट्ट भरलेली. बहुतेक जागी गडबड एकच आहे, दोऱ्याचा ताण. तो हाताला एकदा समजला की पुढच्या कामात बरोबर येतो, असं दिसतंय. म्हणजे मेधाताई चार कामं करताहेत तरी शिकताहेत एकच, हे मला आधी सुचलं नव्हतं. तरी माझा हट्ट थोडा शिल्लक आहे: चारांपैकी एक तरी रोज हातात असावं, थोडा वेळ का होईना. बाकीची तीन रविवारी काढा.

पेठेतली_प्राजक्ता
माझीही तडजोड सांगते. रोजचं एक, हे चालेल. पण ते कुठलं हे सासूबाईंनी ठरवायचं नाही.

विजापूर_रोड_मेधा
रोजचं काम रुमाल, ठरलं. सासूबाईंना तुमचा सगळा धागा वाचून दाखवला. गोधडीआजींचं पटलं त्यांना, बाकीच्यांबद्दल मत राखून ठेवलंय. कशिदा रविवारी. शिंकं टांगलंय, कुंडी तिरकी राहते पण पडत नाही.

नवी_आले_इथे
सगळं वाचलं, फार उपयोग झाला. माझा उलट प्रश्न आहे. मी खांबांचा गोल करतेय, बशीखाली ठेवायला. तो सपाट न राहता वाटीसारखा होतोय. दोरा अडकवण्याचा उपाय इथे चालेल का?

साखळीचा_हिशेब
नाही, इथे खांब कमी पडताहेत. सुरुवात 12 खांबांनी करा आणि दर फेरीला 12 वाढवा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबात दोन, तिसरीत एकाआड एक दोन, चौथीत दोन सोडून एकात दोन. वाटी झाली तर कमी वाढवलेत, कडेला झालर आली तर जास्त. मुक्या खांबांचा गोल असेल तर 12 ऐवजी 6.

नवी_आले_इथे
उसवायला घेतलं होतं, तेवढ्यात धाकट्याने ती वाटी डोक्यावर घातली आणि काढायला तयार नाही. नवीन दोरा कुठे मिळेल सुटा? कोन नको, एवढा मोठा घेऊन काय करू.

सूतवाली_सुनंदा
नव्या पेठेत सुटे गुंडे मिळतात. फिका रंग घ्या. आणि दोन घ्या, घरात डोकी किती आहेत?